कानाशी धरलेले पाकीट

आवाज अगदी बारीक होता. सुकलेल्या शेंगेत दाणा हलावा तितकाच. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने ते पाकीट आधी स्वतःच्या कानाशी धरून हलवले, मग डोळे मोठे करून माझ्या कानाशी आणले, आणि त्या अफाट दालनातल्या गलक्यात आम्ही दोघे तो एवढासा खुळखुळाट ऐकत उभे राहिलो. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाजवळच्या रोझमाँटमध्ये २०२३ च्या जुलैअखेरीस खेळाडूंची चित्रे छापलेल्या, लोक छंद म्हणून जमवतात त्या कार्डांचे राष्ट्रीय संमेलन भरले होते आणि मुलाच्या हट्टापायी मी तिथे गेले होते. माझ्या कल्पनेत काचेच्या कपाटांची शांत रांग होती. प्रत्यक्षात तिथे आठवडी बाजाराची कळा होती. लोक चाकांच्या पेट्यांतून कार्डे ओढत आणत होते, उभ्याउभ्या घासाघीस करत होते, नोटांच्या गड्ड्या मोजून एकमेकांच्या हाती देत होते. त्या गर्दीत एका सत्तरीच्या आजोबांनी, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे कार्ड त्याच्या संचात कितवे हे मुलाने बिनचूक सांगितले म्हणून खूश होऊन, पातळ प्लास्टिकच्या पिशवीतले ते पाकीट त्याच्या हातावर ठेवले होते. हलवल्याचा आवाज होताच त्यांचा चेहरा बदलला. रागावले नाहीत, पण हात पुढे केला, पाकीट परत घेतले, हिरव्या कापडावर ठेवले आणि म्हणाले की ते आतले बबलगम आहे, सदतीस वर्षांचे झाले आहे, त्याचे तुकडे झाले आहेत आणि ते हलले की आतल्या कुठल्या ना कुठल्या कार्डावर ओरखडा उठत असेल.

परतताना टोलवेवर गाड्या तुंबल्या होत्या. मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत गप्प होता. मग म्हणाला, "आई, आत काय आहे हे त्या आजोबांना पण माहीत नाही. मग ते विकतात काय?"

मला उत्तर देता आले नाही.

ते पाकीट फ्लीअर कंपनीचे, १९८६-८७ च्या बास्केटबॉल हंगामाचे. बारा कार्डे, एक स्टिकर आणि बबलगमची एक पट्टी मेणकागदात गुंडाळून, मागच्या बाजूने उष्णतेने चिकटवलेली. म्हणून या छंदातली माणसे अशा पाकिटांना नुसते 'वॅक्स' म्हणतात. छत्तीस पाकिटांचा एक खोका. संपूर्ण संच १३२ कार्डांचा आणि तो खेळाडूंच्या आडनावांनुसार शाळेच्या हजेरीसारखा लावलेला: पहिला करीम अब्दुल-जब्बार, सातवा चार्ल्स बार्कली, बत्तिसावा पॅट्रिक युइंग, अडुसष्टावा कार्ल मलोन, आणि १३२ वे कार्ड म्हणजे नुसती यादी. या हजेरीत सत्तावन्नावा मायकेल जॉर्डन. लाल-पांढऱ्या-निळ्या चौकटीत चेंडू उंच धरून टोपलीकडे झेपावलेला, पाय हवेत फाकलेले. एरवी क्रमांकात काही नसते, पण त्या दालनात 'सत्तावन्न' हा शब्द लोक इतक्या सहज उच्चारत होते की मला आमच्याकडच्या देवस्थानाच्या पायऱ्यांची संख्या आठवली; भाविकांना ती पाठच असते.

आकड्यांचा नाद मला शाळेपासून आहे, त्यामुळे घरी आल्यावर मी कागदपेन्सिल घेऊन बसले. सर्व कार्डे सारख्याच संख्येने छापली असे धरले तर बारा कार्डांच्या पाकिटात जॉर्डन निघण्याची शक्यता अकरात एक. स्टिकरही अकराच आणि त्यांतला एक जॉर्डनचा, म्हणजे तिथेही अकरात एक. छत्तीस पाकिटांच्या खोक्यात ४३२ कार्डे, म्हणजे सरासरी तीन-सव्वातीन जॉर्डन. आज असे एक पाकीट काही हजार डॉलरना जाते. मध्यम स्थितीतले जॉर्डनचे सुटे कार्डही काही हजार डॉलरनाच मिळते. म्हणजे पाकीट फोडणारा माणूस अकरापैकी दहा वेळा हात हलवीत परत येणार. अकराव्या वेळी जॉर्डन निघालाच, तर बहुधा त्याची छपाई चौकटीत एका बाजूला सरकलेली असणार, कोपरा दबलेला असणार, किंवा पाठीवर गमचा डाग पसरलेला असणार, आणि मोजलेले पैसे जेमतेम वसूल होणार. मी बेरीज दोनदा तपासली. बंद पाकिटाची किंमत त्याच्या आतल्या मालाच्या सरासरी किमतीहून जास्त होती. वरच्या त्या पातळ मेणकागदाला, ज्याची निर्मिती फाडून टाकण्यासाठीच झाली होती, स्वतःची म्हणून किंमत आली होती.

आमच्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. ही म्हण मी आजवर अब्रू सांभाळण्याच्या संदर्भातच ऐकली होती. रिकामी मूठ उघडू नये, चार लोकांत शोभा होते, असा तिचा सल्ला. इथे ती शब्दशः, हिशेबाच्या वहीत लिहावी तशी खरी ठरत होती. मात्र एक फरक होता. म्हणीतल्या मुठीत काही नाही हे निदान मूठवाल्याला ठाऊक असते.

अशी पाकिटे उरली कशी, हे शोधायला लागल्यावर मला वाटले होते की कोणीतरी दूरदृष्टीचे लोक निघतील, ज्यांनी मुलांच्या हाती न देता ती जपून ठेवली. तसे काही लोक असतीलही. पण ती उरली याचे मोठे कारण वेगळेच आहे, आणि ते जरा लाजिरवाणे आहे: ती फारशी कोणाला नको होती. बास्केटबॉल कार्डांचा इतिहास म्हणजे खंडांचीच मालिका आहे. १९४८ मध्ये बोमन कंपनीने ७२ कार्डे काढली, त्यांत जॉर्ज मायकन होता, आणि पुढे वर्षानुवर्षे काही नाही. १९५७-५८ मध्ये टॉप्स कंपनीने ८० कार्डांचा संच काढला, त्यात बिल रसेल होता. तो खपला नाही, आणि टॉप्स या खेळाकडे परतली ती थेट १९६९ मध्ये. मधल्या काळात १९६१-६२ मध्ये फ्लीअरने ६६ कार्डे काढून पाहिली. विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट असे दिग्गज एकाच संचात होते, तरी तोही एका वर्षात गुंडाळला गेला. १९८०-८१ मध्ये टॉप्सने एका लांबट कार्डाचे छिद्रांच्या रेघेने तीन भाग केले. त्यांतल्या एका कार्डावर लॅरी बर्ड, ज्युलियस अर्व्हिंग आणि मॅजिक जॉन्सन शेजारी शेजारी आले. मुलांनी ती छिद्रे पाहून जे करायचे तेच केले, कार्डे फाडून तीन केली. त्यानंतरच्या हंगामाअखेर टॉप्सने बास्केटबॉलचा नाद पुन्हा सोडला.

त्या वर्षांत खेळाचीच अवस्था अशी होती की १९८० च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, ज्यात वीस वर्षांच्या मॅजिकने करीमच्या जागी उभे राहून विजेतेपद मिळवून दिले, अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत थेट दिसला नाही. रात्री उशिरा, मुले झोपल्यावर, चित्रमुद्रित करून दाखवला गेला. ज्या मुलांनी सामना पाहिला नाही ती कार्डे कशाला घेतील? मधली तीन-चार वर्षे स्टार नावाच्या छोट्या कंपनीची कार्डे संघवार पिशव्यांतून व्यापाऱ्यांमार्फत जात होती, पण कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेले, गम असलेले, खिशातल्या चिल्लरीत येणारे पाकीट नव्हतेच. ते १९८६ मध्ये फ्लीअरने परत आणले, तेव्हा मुलांचे हात बेसबॉलच्या पाकिटांकडे वळलेले होते आणि बास्केटबॉलचे खोके फळ्यांवर तसेच पडून राहिले. वास्तविक त्याच वर्षीच्या २० एप्रिलला बॉस्टन गार्डनमध्ये जॉर्डनने एका सामन्यात ६३ गुण केले होते. त्याआधी पायाचे हाड मोडल्यामुळे तो त्या हंगामात अवघे अठरा सामने खेळू शकला होता. त्याचा शिकागो बुल्स संघ दोन जादा डावांनंतर हरला, १३५ विरुद्ध १३१. त्यानंतर काही महिन्यांनी छापलेली कार्डे विकली जाऊ नयेत, हे आज विपरीत वाटते. पण कार्डावरचा मनुष्य मोठा झाला तो नंतर, आणि दुकानदाराला नंतरचे दिसत नाही, त्याला अडलेली फळी दिसते.

तेव्हा आज ज्यांना लोक हिऱ्यासारखे जपतात ती पाकिटे म्हणजे मुळात न खपलेला माल आहे. वखारीत विसरलेला, दुकान बंद करताना कोणा नातेवाइकाच्या तळघरात ढकललेला, कुणी पाहिले नाही म्हणून वाचलेला. हे कळल्यावर मला आधी थोडे हसू आले, आणि मग का कोण जाणे, त्या आजोबांच्या हिरव्या कापडावरच्या पाकिटाबद्दल कणव वाटली.

याच्या अगदी उलट प्रकार माझ्या लहानपणी घडला होता. नव्वदच्या सुमारास सांगलीत आमच्या शाळेबाहेरच्या टपरीवर 'बिग फन' नावाचे बबलगम मिळे आणि त्याबरोबर क्रिकेटपटूचे छोटे कार्ड येई. कार्डावर धावा किंवा बळी छापलेले असत, त्यांची बेरीज करायची आणि ठरलेल्या धावा झाल्या की टपरीवाल्याकडून बक्षीस घ्यायचे. माझा धाकटा भाऊ हिशेबात पक्का होता. सहा धावांच्या तीन कार्डांवर एक बळीचे कार्ड असे त्याचे अदलाबदलीचे दर ठरलेले असत. गमला दोन मिनिटे गुलाबी गोडी असे, मग ते रबरासारखे होई, तरी ते आम्ही दुपारभर चघळत असू आणि वर्गात बाकाखाली चिकटवत असू. त्या गमचे एकही न उघडलेले वेष्टन कोणी जपून ठेवल्याचे मला आठवत नाही. तसे करण्याची कल्पनाच हास्यास्पद ठरली असती. आम्ही तर पैसे देता देताच कागद सोलत असू, आणि टपरीसमोरची जमीन त्या कागदांनी भरलेली असे. कार्डेही गेली. काही पावसात, काही दप्तरात चुरगळून, बरीचशी दिवाळीच्या साफसफाईत. अमेरिकेतल्या मुलांच्या आयांनीही तेच केले आणि म्हणूनच जुनी कार्डे दुर्मीळ झाली, असे इथले संग्राहक अर्धे गमतीने, अर्धे गंभीरपणे सांगतात. जगभरच्या आयांनी मिळून हा बाजार उभा केला आहे असे म्हणायला हरकत नाही, आणि त्यात माझ्या आईचा वाटा अगदीच किरकोळ नाही.

मुलाने त्या रात्री मला आणखी एक गोष्ट शिकवली. जॉर्डनचे ते सत्तावन्नावे कार्ड खऱ्या अर्थाने दुर्मीळ नाही. दर्जा ठरवून देणाऱ्या एकाच मोठ्या संस्थेकडे त्याच्या वीस हजारांहून अधिक प्रती आजवर येऊन गेल्या आहेत. दुर्मीळ आहे ती त्याची निर्दोष प्रत. दहापैकी दहा गुण मिळालेली कार्डे त्या हजारोंमध्ये तीनशेहून थोडी अधिक, एवढीच. २०२० च्या टाळेबंदीत बुल्स संघावरची माहितीपट मालिका आली, घराघरांत अडकलेल्या माणसांना आपले बालपण आठवले, आणि जानेवारी २०२१ च्या अखेरीस अशा दहा गुणांच्या दोन प्रती लिलावात प्रत्येकी ७,३८,००० डॉलरना गेल्या. काही महिन्यांतच त्याच दर्जाची कार्डे निम्म्याहूनही खाली आली. ज्यांनी शिखरावर घेतली त्यांचे काय झाले असेल, याचा विचार माझ्यासारख्या मध्यमवर्गीय बाईला झोप येऊ देत नाही. पण कार्डाचे भाव असे वरखाली होत असले तरी बंद पाकिटाची गोष्ट थोडी निराळी आहे. कार्ड उघडे असते, ते जपले तर टिकते, त्याची संख्या मोजता येते. बंद पाकिटांची संख्या फक्त एकाच दिशेने जाते. जगात कुठेतरी कोणीतरी रोज एखादे पाकीट फोडतो आणि उरलेल्यांची किंमत अणुमात्र वाढवतो. फोडणाऱ्याचा तोटा न फोडणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो. आजकाल हे फोडणेही एकट्याने होत नाही. कॅमेऱ्यासमोर खोका ठेवतात, त्यातल्या एकेका पाकिटाचे वाटे आधी विकतात आणि मग हातमोजे घातलेला एक मनुष्य मेणकागद उलगडू लागतो. असा एक व्हिडिओ मी मुलाबरोबर पाहिला. कागदाची चिकट बाजू सुटताना होणारा कोरडा चरचर आवाज, गमची भुकटी झटकणे, एकेक कार्ड सरकवणे. आडनावे ओळखीची नव्हती तरी माझा श्वास आपोआप रोखला गेला होता. शेवटचे कार्ड आले. जॉर्डन नव्हता. मुलगा हळहळला, आणि मला मात्र कुणाची तरी वस्तू आपल्या देखत मोडल्यासारखे वाटले. ते माझे नव्हते आणि त्यात मोडण्यासारखे काही नव्हते, तरीही.

जिथे उघडून खात्री करता येत नाही, तिथे लबाडीला मोकळे रान मिळते. जुना मेणकागद मिळवायचा, त्यात साधी कार्डे भरायची, मागची शिवण उष्णतेने पुन्हा चिकटवायची, की झाले नवे 'जुने' पाकीट. जाणकार लोक घडीच्या रेषा पाहतात, मेण दोनदा वितळल्याच्या खुणा पाहतात. याहून बारीक चलाखी मला जास्त चकित करून गेली. खोक्यातली पाकिटे यंत्रातून ठरावीक क्रमाने येत असल्यामुळे काही पाकिटे फोडली की पुढचा जॉर्डन कुठे असेल याचा अंदाज मुरलेल्या माणसाला बांधता येतो. मग तो नेमकी ती पाकिटे काढून घेतो आणि उरलेली, हात न लावलेली, खरीखुरी, एकाही चिकटपट्टीची फसवणूक नसलेली पाकिटे बाजारात सोडतो. त्यांच्यावर खोटे काहीच नाही. फक्त त्यांतली आशा काढून घेतलेली आहे. त्यामुळे सुट्या पाकिटापेक्षा मोहोरबंद खोक्यातल्या पाकिटावर लोकांचा विश्वास अधिक, आणि खोक्यापेक्षा मोठ्या पेटीतून निघालेल्या खोक्यावर त्याहून अधिक. खोका जसजसा मोठा तसतसा विश्वास मोठा, असे म्हणावे तर त्यालाही तडा गेलेला आहे. २०२२ च्या जानेवारीत लोगन पॉल या प्रसिद्ध यूट्यूबरने पस्तीस लाख डॉलरना घेतलेली, तपासून खरी ठरवलेली पोकेमॉन कार्डांची मोहोरबंद पेटी उघडली, तर आत जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डे निघाली. पेटी उघडली नसती तर ती आजही पस्तीस लाखांचीच राहिली असती.

इथे मला माझ्या मोठ्या मावशीचे इरकल आठवते. तिच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांकडून आलेले, गर्द जांभळे, लाल रेशमी पदराचे. आमच्याकडे नव्या लुगड्याची घडी मोडण्याला मान असतो. पहिल्यांदा आपण नेसण्याऐवजी आवडत्या माणसाच्या हाती देऊन म्हणायचे, घडी तू मोड. मावशीने ते कोणाला द्यायचे हे ठरवण्यात वर्षे घालवली. आधी मुलीच्या डोहाळजेवणाला द्यायचे होते, मग नातवाच्या बारशाला, मग नातवाच्या मुंजीला. दर दसऱ्याला ती ट्रंक उघडे, लुगडे उन्हाला दाखवी, वेखंडाची पुरचुंडी बदले आणि ते जसेच्या तसे, त्याच घडीत परत ठेवी. शेवटी एका दसऱ्याला मी तिथे असताना तिने ते माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "तू अमेरिकेला चाललीस, घडी तू मोड बाई." मी उलगडले तर पदराचे रेशीम घडीच्या प्रत्येक रेषेवर, पट्टीने आखून कापल्यासारखे, फाटलेले होते. ते वापराने झाले नव्हते. तेवीस वर्षे एकाच जागी वाकून राहिल्याने झाले होते. मावशी काही बोलली नाही. मी ते परत मिटताना तिने फक्त एवढे सांगितले की त्याच घडीत मिटू नकोस, दुसरीकडून दुमड.

बंद पाकिटातही असेच काहीतरी चाललेले असते आणि ते कोणाला दिसत नाही. फ्लीअर ही मुळात फिलाडेल्फियाची गमवाली कंपनी. १९२८ मध्ये तिथल्या वॉल्टर डायमर नावाच्या तरुण हिशेबनिसाने फावल्या वेळात प्रयोग करता करता पहिले यशस्वी बबलगम केले. हाताशी खाण्याचा एकच रंग होता, गुलाबी, म्हणून आजतागायत जगभर बबलगम गुलाबी. सांगलीच्या टपरीवरचा गुलाबी रंगही तिथूनच आला असणार, हे कळल्यावर मला उगाचच नातेवाईक सापडल्याचा आनंद झाला. कार्ड ही त्या कंपनीच्या दृष्टीने गमबरोबरची भेट होती. आता तेच गम आतल्या कार्डांचे वैरी झाले आहे: त्याची साखर आणि तेल पुठ्ठ्यात झिरपते, डाग पडतो, पट्टी कडक होऊन तुटते आणि तुकडे धारदार होतात. ज्या वस्तूसाठी पाकीट होते ती आत बसून, ज्या वस्तूमुळे पाकीट टिकले तिला कुरतडत असते. जॉर्डन आत असलाच तर तो दर वर्षी थोडा कमी गुणांचा होत असेल, आणि पाकीट मात्र दर वर्षी थोडे अधिक किमतीचे. आजोबांचा चेहरा का बदलला, ते मला मावशीचा पदर आठवल्यावर नीट कळले. त्यांना आतले माहीत नव्हते हे खरे, पण आत काहीतरी झिजते आहे एवढे माहीत होते. कंपनीही आता नाही. २००५ मध्ये तिने गाशा गुंडाळला आणि नाव दुसऱ्या कार्डवाल्यांनी घेतले. तिच्या बबलगमचा ब्रँड मात्र फिरत फिरत आमच्याच शिकागोतल्या एका जुन्या मिठाईवाल्या कंपनीकडे येऊन पोहोचला आहे, आणि हॅलोविनच्या रात्री आमच्या दारात येणाऱ्या मुलांना मी ते पिवळ्या-निळ्या कागदातले गोळे वाटत असते. पाच मिनिटांत कागद अंगणात पडलेले असतात.

मुलाने त्या संमेलनातून रिकाम्या हाताने यायचे नाकारले होते, हे सांगायचे राहिलेच. दालनाच्या अगदी टोकाला, जिथे माणसे थांबत नव्हती, एका टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात १९९०-९१ ची 'हूप्स' कंपनीची पाकिटे ढिगाने पडली होती. त्या वर्षांत फ्लीअरच्या वेळची चूक पुन्हा नको म्हणून सर्वांनीच जपून ठेवायच्या हेतूने पाकिटे घेतली, कंपन्यांनी बेसुमार छापली, आणि तीसहून अधिक वर्षे काळजीने जपलेली ती बंद पाकिटे आज चहाच्या किमतीत मिळतात. मुलाने दोन घेतली. त्याला जॉर्डन नको होता. त्याला मार्क जॅक्सन हवा होता, कारण त्याच्या कार्डावर मागच्या प्रेक्षकांत नंतर आईवडिलांच्या खुनाबद्दल शिक्षा झालेले मेनेंडेझ बंधू बसलेले दिसतात, आणि ही गोष्ट २०१८ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. लाखो लोकांनी पाहिलेल्या उघड्या कार्डावर ते अठ्ठावीस वर्षे बसून होते.

रविवारी सकाळी त्याने दोन्ही पाकिटे जेवणाच्या टेबलावर आणली. मी कणीक मळत होते. त्याने एक पाकीट माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, "आई, हे तू फोड."

"माझे हात पिठाचे आहेत."

"मग धू ना."

मी हात धुतले, पदराऐवजी ओट्यावरच्या फडक्याला पुसले, आणि बोटांवर पीठ राहिले नाही ना हे दोनदा पाहिले. पातळ प्लास्टिक एका कोपऱ्यातून सहज फाटले. कार्डे एकमेकांना किंचित चिकटलेली होती. सुटी करताना त्यांच्या गुळगुळीत पाठी करकरल्या आणि शाळेच्या नव्या पुस्तकासारखा, कपाटात फार दिवस राहिलेल्या पुस्तकासारखा वास आला. मार्क जॅक्सन नव्हता. जॉर्डन नव्हता. मला माहीत नसलेली पंधरा माणसे होती, सगळी तरुण, सगळी घामेजलेली, आणि मुलाने एकेकाचे नाव वाचून कोण किती वर्षे खेळला ते मला सांगितले. दुसरे पाकीट त्याने हातात घेतले, उलटसुलट केले आणि परत ठेवले. "हे राहू दे," म्हणाला. का, ते मी विचारले नाही.

ते पाकीट आता स्वयंपाकघरातल्या खणात आहे, रबरबँडा आणि विजेच्या बिलांच्या मध्ये. परवा सेलोटेप शोधताना हाती लागले, तेव्हा घरात कोणी नव्हते. मी ते कानाशी धरून हळूच हलवले. काही वाजले नाही. हूप्सच्या पाकिटांत गम नसते, हे मुलाने मला आधीच सांगितले होते.